हिब्रू शीर्षकांचे रोमनीकरण : देवनागरीवरून करावे की मूळ हिब्रूवरून?

प्रश्न – तालिकाघर

नमस्कार. मी एका लहान सार्वजनिक ग्रंथालयात तालिकीकरणाचे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचे, काम करते. काही महिन्यांपूर्वी एका बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या) कुटुंबाने आपल्या आजोबांच्या कपाटातली साठेक पुस्तके आमच्या ग्रंथालयाला भेट दिली. त्यांत हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी छापलेली प्रार्थनापुस्तके आहेत, वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा आहे आणि एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्टा याच्या स्तुतीची एक पातळ पुस्तिकाही आहे. यांतल्या बऱ्याच पुस्तकांना दोन शीर्षकपाने आहेत. उजवीकडून उघडले तर हिब्रू, डावीकडून उघडले तर मराठी.

मराठी शीर्षकपानावर हिब्रू शब्द देवनागरीत छापलेले असल्यामुळे मी त्यांच्यावरूनच रोमन रूपे तयार केली. ‘हग्गादा’साठी दोन जी लिहिले, ‘हन्नाबी’साठी दोन एन आणि बी लिहिला, ‘शब्बाथ’साठी दोन बी आणि शेवटी टी-एच लिहिले. नंतर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा माझे जवळजवळ एकही रूप जुळले नाही. तिथे हगादा एका जीने लिहिलेली असून शेवटी एक एच आहे, नाबीच्या जागी ‘नावी’ आहे, आणि टी, एच, के, व्ही यांच्याखाली कुठे बिंदू आहेत, कुठे नाहीत. हे बिंदू आमच्या जुन्या संगणकप्रणालीत गळून पडत होते. नवीन प्रणालीत ते टिकतात, म्हणून सगळ्या नोंदी आताच नीट कराव्यात असे मनात आहे.

माझा मुख्य प्रश्न असा की रोमनीकरणाचा आधार कोणता धरावा : छापलेली देवनागरी, कुटुंबात रूढ असलेला उच्चार, की मूळ हिब्रू अक्षरे? दुसरी अडचण वर्षाची आहे. एका प्रार्थनापुस्तकावर वर्षाच्या जागी ताव, रेश, मेम, दालेत एवढी चार हिब्रू अक्षरेच आहेत. मला हिब्रू अक्षरओळख आहे, व्याकरण येत नाही. या फलकावर रोमन अक्षरांवरचे बिंदू नीट उमटत नाहीत, म्हणून मी अक्षरांची नावे लिहिली आहेत. उत्तर देणाऱ्यांनीही तसेच करावे ही विनंती.

उत्तर – दूरदेशी

नमस्कार ताई. अमेरिकेतल्या एका विद्यापीठ ग्रंथालयात मी बरीच वर्षे हिब्रू आणि यिद्दिश पुस्तकांच्या नोंदी करतो. आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी स्पष्टपणे देतो : हिब्रू शीर्षकाचे रोमनीकरण मूळ हिब्रू अक्षरांवरूनच करावे, आणि त्यातले स्वर हिब्रू शब्दकोशातून ठरवावेत. देवनागरी रूप मौल्यवान आहे, पण ते मराठी शीर्षकाचा भाग आहे. त्याची जागा वेगळी आहे.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांचा जो संयुक्त तक्ता जगभर वापरतात, तो दोन कामे एकाच वेळी करतो. उच्चार तो आधुनिक इस्रायली धरतो, पण ज्या अक्षरांचे उच्चार आज एक झाले आहेत ती अक्षरे बिंदूंच्या साहाय्याने वेगळी राखतो. कानाला कोफ आणि काफ दोन्ही ‘क’च वाटतात, तक्त्यात कोफसाठी खाली बिंदू असलेला के आणि काफसाठी साधा के येतो. तेत आणि ताव दोन्ही ‘त’ आहेत. तेतच्या टीखाली बिंदू येतो, तावच्या टीखाली येत नाही. दागेश (अक्षराच्या आत दिलेला बिंदू) नसलेला बेत आणि व्यंजन म्हणून आलेला वाव दोन्ही ‘व’ आहेत. बेतला साधा व्ही, वावला बिंदूचा व्ही. मेनाहेम आणि मिखाएल ही नावे मराठी माणूस कानाने लिहील तर दोन्हींत कदाचित ‘ख’च लिहील, परंतु मेनाहेममध्ये हेत आहे म्हणून खाली बिंदू असलेला एच लागतो, आणि मिखाएलमध्ये खाफ म्हणजे दागेश नसलेला काफ आहे म्हणून के-एच लागतात. बिंदू गळाला की वाचकाला रोमन ओळीवरून मूळ हिब्रू शब्दापर्यंत परत जाता येत नाही. आपल्या जुन्या प्रणालीत झालेले नुकसान नेमके हे होते.

आता आपली तीन उदाहरणे घेऊ. हगादा या शब्दातल्या गिमेलमध्ये दागेश आहे आणि पारंपरिक व्याकरणाप्रमाणे तो द्वित्वाचा आहे, पण हा तक्ता दागेशासाठी अक्षर दुहेरी करत नाही. शेवटचा हे मात्र एच म्हणून लिहितो. म्हणून एच-ए-जी-ए-डी-ए-एच. शब्बाथमध्येही त्याच कारणाने एकच बी येतो, आणि ताव कुठेही असला तरी हिब्रूत टीच लिहिला जातो, म्हणून एस-एच-ए-बी-ए-टी. हन्नाबी हा शब्द दोन भागांचा आहे : ‘हा’ हे निश्चित उपपद आणि ‘नावी’ म्हणजे संदेष्टा. उपपद पुढच्या शब्दाला आडव्या रेघेने जोडतात आणि लहान अक्षराने लिहितात. नावीतले व्यंजन बेत आहे, वाव नाही, म्हणून व्हीखाली बिंदू नको. शेवटचा अलेफ लिहीतच नाहीत.

ताई, मराठी तालिकाकाराला यात एक खास धोका आहे, आणि तो परदेशी मार्गदर्शकांत कुणी लिहिलेला मला आढळला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण मराठी पुस्तकांसाठी याच दोन संस्थांचा मराठी तक्ता वापरतो. त्यात खाली बिंदू असलेला टी म्हणजे ट, खाली बिंदू असलेला एच म्हणजे विसर्ग, आणि वर तिरकी रेघ असलेला एस म्हणजे श. हिब्रू तक्त्यात हीच तीन चिन्हे निराळ्या अर्थाने येतात : बिंदूचा टी म्हणजे तेत, ज्याचा उच्चार ‘त’ आहे, बिंदूचा एच म्हणजे हेत, आणि तिरक्या रेघेचा एस म्हणजे सीन, ज्याचा उच्चार ‘स’ आहे. ‘यिस्राएल’ हा शब्द हिब्रू तक्त्याप्रमाणे लिहिला की त्यात तिरक्या रेघेचा एस येतो, आणि मराठी तक्त्याची सवय असलेला डोळा तो ‘यिश्राएल’ वाचतो. मी सुरुवातीच्या वर्षांत हा एस चुकीचा समजून दोन नोंदींतून काढून टाकला होता आणि त्यामुळे सीन आणि ‘स’ असाच उच्चार असलेला सामेख यांतला भेद नाहीसा झाला होता. एकाच पुस्तकाच्या एकाच नोंदीत मराठी आणि हिब्रू दोन्ही शीर्षके असतील तेव्हा कोणती ओळ कोणत्या तक्त्याची आहे याचे भान सतत ठेवावे लागते.

स्वरांचे काम खरे अवघड आहे. प्रार्थनापुस्तकांत निकूद म्हणजे स्वरचिन्हे छापलेली असतात, त्यामुळे आपले काम बरेच सोपे होईल. पण प्रस्तावना, प्रकाशकाची ओळ, आधुनिक पुस्तकाचे नाव यांत ती नसतात. सामेख, पे, रेश एवढीच तीन अक्षरे दिसली तर तो शब्द सेफेर म्हणजे पुस्तक, सापार म्हणजे न्हावी, सिपेर म्हणजे त्याने सांगितले, यांपैकी काहीही असू शकतो. तक्ता यासाठी अवराहम एव्हेन-शोशान यांच्या शब्दकोशाचा हवाला देतो. त्या शब्दकोशाचे नावच एक चांगला धडा आहे : ‘हा-मिलोन हे-हादाश’, म्हणजे नवा शब्दकोश. दोन्ही शब्दांआधी तेच उपपद आहे, एकच हे अक्षर आहे, पण दुसऱ्या शब्दाच्या आरंभी हेत आणि त्याखाली कामात्स हा स्वर असल्यामुळे ‘हा’चे ‘हे’ होते. कामात्स स्वतःही फसवा आहे; बहुतेक वेळा तो ‘आ’ असतो, पण ‘होख्मा’ म्हणजे शहाणपण या शब्दात तोच ‘ओ’ आहे. शिवाय बेत हे एक अक्षर शब्दाला आधी जोडलेले असेल तर ते ‘बे’ म्हणजे ‘एका पुस्तकात’ आहे की ‘बा’ म्हणजे ‘त्या पुस्तकात’ आहे, हे वाक्य समजल्याशिवाय ठरत नाही. आपण व्याकरण येत नाही असे प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून सुचवतो : निकूद नसलेली ओळ हिब्रू जाणणाऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय नोंद पक्की करू नये. अंदाजाने घातलेला स्वर नंतर कुणी तपासत नाही.

वर्षाबद्दल. हिब्रूत अक्षरांना संख्यामूल्य असते. ताव ४००, रेश २००, मेम ४०, दालेत ४, म्हणजे ६४४. हजारांचा ५ लिहिलेला नसतो, म्हणून वर्ष ५६४४. यहुदी वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे ५६४४ हे १८८३ च्या शरदापासून १८८४ च्या शरदापर्यंत जाते. नोंदीत ६४४ लिहून पुढे चौकटी कंसात ‘१८८३ किंवा १८८४’ असे द्यावे. मराठी शीर्षकपानावर इसवी सन असेल तर हा ‘किंवा’ उरणारच नाही. कधी कधी वर्ष एखाद्या वचनात दडवलेले असते आणि त्यातली मोजायची अक्षरे मोठी छापलेली किंवा खुणेने दाखवलेली असतात. तेव्हा फक्त तीच अक्षरे मोजावीत.

उत्तर – शिळाप्रेस

दूरदेशी यांच्या उत्तराला तांत्रिक बाजूची पुरवणी जोडतो. अलेफ आणि आयिन शब्दाच्या मध्ये आले की दोन वेगळी चिन्हे लागतात. युनिकोडमध्ये आयिनसाठी ०२बीबी आणि अलेफसाठी ०२बीसी ही स्थाने आहेत. ही दिसायला अवतरणचिन्हांसारखी आहेत, पण ती अवतरणचिन्हे नाहीत. कळफलकावरचे साधे एकेरी चिन्ह दोन्हींसाठी वापरले की दोन अक्षरांतला भेद पुसला जातो, आणि काही प्रणाली त्या चिन्हाजवळ शब्द तोडतात. मुंबईच्या ‘शाआर हा-रहमीम’ सभास्थानाचे नाव, म्हणजे १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी स्थापन केलेले सभास्थान, हे उत्तम उदाहरण आहे : पहिल्या शब्दाच्या मध्यभागी आयिन आहे. चिन्ह चुकले तर शोधात तो एक शब्द दोन तुकड्यांत पडतो.

बिंदूंचेही तसेच. खाली बिंदू असलेला एच युनिकोडमध्ये १ई२५ या एकाच स्थानावर तयार मिळतो, किंवा साधा एच आणि त्यामागे ०३२३ हा जोडबिंदू असाही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आपली प्रणाली शोधाच्या वेळी दोन्हींना एक मानते की नाही, हे एकदा चाचणीची नोंद करून अवश्य पाहावे. आणि शक्य असेल तर रोमन ओळीबरोबर मार्क या ग्रंथनोंदींच्या संगणकीय नमुन्यातल्या ८८० क्रमांकाच्या क्षेत्रात मूळ हिब्रू ओळही द्यावी. संगणकाला हिब्रू दाखवता येत नव्हती तोवर रोमन ओळ हाच एकमेव मार्ग होता. अमेरिकेतल्या रिसर्च लायब्ररीज ग्रुपच्या जाळ्यात हिब्रू लिपीची सोय १९८८ साली झाली. आज ती अडचण नाही. रोमन ओळीत एखादा स्वर चुकला तरी हिब्रू ओळ जशीच्या तशी असेल तर हिब्रू वाचणाऱ्याला पुस्तक सापडतेच.

उत्तर – कोकणकिनारा

मी स्वतः बेने इस्राएल आहे आणि वर दिलेल्या उत्तरांतले नियम मला पटतात. तरीही एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. आमच्या घरी आजी ‘शब्बाथ’ म्हणत असे, मलिद्याच्या विधीच्या वेळी ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणत असे, आणि हे उच्चार चुकीचे नव्हते. दागेश नसलेल्या तावचा ‘थ’ हा जुना उच्चार आहे, आणि मुंबईतल्या सभास्थानांच्या नावांत तो आजही दिसतो : तिफेरेथ इस्राएल, केनेसेथ एलियाहू. आमच्या समाजातला कुणी आजीचे पुस्तक शोधायला येईल तेव्हा तो ‘हन्नाबी’ असेच टंकलिखित करील; ‘हा-नावी’ हे त्याच्या बोटांना सुचणार नाही. नियमाप्रमाणे झालेली नोंद त्याला सापडली नाही, तर ज्या समाजासाठी ही पुस्तके छापली गेली त्याच समाजापासून ती लपून राहतील.

या पुस्तकांचा इतिहासही देवनागरी आणि हिब्रू यांच्या शेजाराचा आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे प्राथमिक व्याकरण १८३२ साली मुंबईत छापले ते आमच्याच लोकांसाठी. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली निघाली. त्या काळातल्या देवनागरी रूपांवरून आमचे पूर्वज हिब्रू कसे उच्चारत होते हे समजते. तालिकाघर यांनी ती रूपे नोंदीतून वगळू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर – दूरदेशी

कोकणकिनारा यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे, आणि तालिकीकरणाच्या नियमांत त्याला पुरेशी जागा आहे. रोमनीकरण आणि प्रवेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिब्रू शीर्षक मार्कच्या २४५ म्हणजे मुख्य शीर्षकाच्या क्षेत्रात तक्त्याप्रमाणे लिहावे. मराठी शीर्षक, त्यातल्या ‘हग्गादा’ किंवा ‘हन्नाबी’सह, २४६ म्हणजे इतर शीर्षकांच्या क्षेत्रात मराठी तक्त्याप्रमाणे लिहावे, तिथे दोन जी, दोन एन आणि बी येणे हेच बरोबर, कारण मराठी पानावर तसेच छापले आहे. म्हणजे ताई, आपण केलेले काम वाया गेलेले नाही, ते फक्त दुसऱ्या क्षेत्रात न्यायचे आहे. ‘शब्बाथ’चे टी-एच असलेले रूढ इंग्रजी रूपही आणखी एका २४६ मध्ये देता येईल.

याशिवाय हगादेसाठी एक तिसरे रूप लागेल. वेगवेगळ्या शीर्षकांनी निघालेल्या सगळ्या आवृत्त्या एकत्र याव्यात म्हणून जे प्रमाण शीर्षक वापरतात, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसने रूढ इंग्रजी लेखनाप्रमाणे दोन जींनी ठरवले आहे. त्यामुळे एकाच नोंदीत प्रमाण शीर्षकात दोन जी आणि हिब्रू शीर्षकात एक जी दिसेल. ती विसंगती नाही. कुणी ‘दुरुस्त’ करू लागले तर थांबवावे. व्यक्तिनावांतही असेच होते. शीर्षकपानावरून उतरवताना मध्ययुगीन यहुदी विचारवंत ‘मोशे बेन मायमोन’ यांचे नाव तक्त्याप्रमाणे लिहायचे, आणि अधिकृत नावाचा दुवा मात्र संदर्भग्रंथांत रूढ असलेल्या मायमोनिडीस या रूपाला द्यायचा.

सभास्थानांची नावे तर तक्त्यातून काढण्याची गरजच नसते. तिफेरेथ इस्राएल सभास्थान स्वतःचे इंग्रजी नाव टी-एच घालून लिहीत असेल, तर संस्थेने स्वतः वापरलेले तेच रूप अधिकृत धरावे. तक्त्याप्रमाणे होणारे ‘तिफएरेत यिस्राएल’, मध्ये अलेफचे चिन्ह आणि तिरक्या रेघेचा एस घातलेले, हे संदर्भ नोंदीत जावे, म्हणजे हिब्रू रूपावरून येणारा वाचकही योग्य जागी पोहोचतो.

तालिकाघर

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळपासून बसून एकवीस नोंदी तपासल्या. मराठी रूपे २४६ मध्ये हलवली. दागेश आणि बिंदू दुरुस्त केले, आणि निकूद नसलेल्या सहा ओळींची छायाचित्रे काढून हिब्रू जाणणाऱ्या एका प्राध्यापिकांना पाठवली आहेत. ६४४ चा उलगडाही झाला. मराठी पानावर १८८४ छापलेले आहे.

एक शंका उरली. उपपद आडव्या रेघेने तोडायचे हे वाचल्यावर मी चार नोंदींत हगादा हा शब्दही ‘हा-गादा’ असा तोडला आणि क्रमवारीतून ‘हा’ वगळण्यासाठी निर्देशक (आरंभीची किती चिन्हे सोडायची ते सांगणारा अंक) ३ घातला. आता यादीत ही चार पुस्तके ‘ग’मध्ये गेली आहेत आणि बाकीची हगादा ‘ह’मध्येच आहे. यांतले बरोबर कोणते?

दूरदेशी

‘ह’मधली नोंद बरोबर आहे, ताई. हगादा या शब्दाच्या आरंभी असलेला हे हा शब्दाचाच भाग आहे. ज्या धातूपासून ‘सांगणे’ या अर्थाचे हे नाम तयार होते त्याच्या घडणीतून तो आलेला आहे, उपपद म्हणून नाही. म्हणून तिथे रेघ नको आणि दुसरा निर्देशक ० ठेवावा. हिब्रू ओळीत आरंभी दोन हे लागोपाठ दिसले तर मात्र पहिला उपपदाचा आहे : तेव्हा ‘हा-हगादा’ असे लिहून रोमन ओळीत निर्देशक ३ द्यावा, एच, ए आणि रेघ मिळून तीन, आणि ८८० मधल्या हिब्रू ओळीत १ द्यावा, कारण तिथे वगळायचे अक्षर एकच असते. शंका आली की शब्दकोशात तो शब्द कोणत्या अक्षराखाली दिला आहे ते पाहावे : हगादा हे या अक्षराखाली मिळेल, आणि नावी नूनखाली.